'झिरो शुगर' बारने इन्सुलिन वाढतं का? गोडी कशाची ते नंतर, साखरेची जागा कशाने भरली ते आधी बघा

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. वय ३९, हिंजवडीत बैठं काम, वडिलांना डायबेटिस, बीएमआय २४, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.१, उपाशीपोटीची साखर १०८ आणि फास्टिंग इन्सुलिन १८. डॉ. दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत चालू केलीये पण संध्याकाळी पाचला भूक आवरत नाही म्हणून लो कार्ब बार खाता. दोन कंपन्यांचे बार आहेत, दोन्हींवर 'झिरो ॲडेड शुगर' आणि 'नेट कार्ब ४ ग्रॅम' (एकूण कार्बमधून न पचणारे वजा करून उरलेले) असंच लिहिलंय, पण दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावून बघितलं तर एका बारने साखर १०२ वरून १४१ ला गेली आणि दुसऱ्याने ११० च्या पुढे सरकली नाही. मग तुम्ही विचारताय की सेन्सर चुकला का, आणि जिथे साखर वाढली नाही तिथेसुद्धा आतून इन्सुलिन वाढतच असेल का, कारण जिभेला गोड लागलं की इन्सुलिन सुटतं असं तुम्ही कुठेतरी ऐकलंय. आणि शेवटी, यातलं कोणतं स्वीटनर सुरक्षित.

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये बरीच वर्षं काम करते, आणि हे बार हल्ली जवळजवळ रोज कोणीतरी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवतं. त्या अनुभवावरून सांगते, सेन्सर बहुतेक बरोबर आहे. तुम्ही दोन्ही बारांचे मागचे फोटो दिलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर सगळं मागच्या बारीक अक्षरांत आहे, पुढच्या मोठ्या अक्षरांत नाही.

आधी एक गोष्ट मान्य करून पुढे जाते. कोणत्या माणसाला कोणत्या बारने किती वाढेल हे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतं. रात्री झोप किती झाली, दुपारी काय जेवला, बार रिकाम्या पोटी खाल्ला की जेवणाच्या शेवटी, औषधं कोणती चालू आहेत, स्वादुपिंड अजून किती दमदार आहे, सगळंच. त्यामुळे मी आकडे सांगेन ते दिशा कळावी म्हणून, तुमच्या शरीराचा आकडा तुम्हालाच मोजावा लागेल आणि तो कसा मोजायचा ते खाली सांगतेच.

आता मुद्दा. लोक मला विचारतात स्टीव्हिया चांगलं की सुक्रालोज चांगलं, पण बारच्या बाबतीत खरा प्रश्न तो नाहीच. साखर बारमध्ये दोन कामं करते. एक म्हणजे गोडी, ते सगळ्यांना कळतं. दुसरं म्हणजे वजन, चिकटपणा आणि मऊपणा. चिक्की करताना गुळाचा पाक काढून टाकला आणि गोडीपुरतं काहीतरी चिमूटभर घातलं तर काय होईल सांगा, नुसते शेंगदाणे परातीत सुटे पडतील. बारचंही तसंच आहे. समजा साठ ग्रॅमच्या साध्या बारमध्ये वीस ग्रॅम साखर होती. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, म्हणजे वीस ग्रॅम साखरेची गोडी यायला ३३-३५ मिलिग्रॅम पुरतं, चिमूटसुद्धा नाही. मग उरलेली जवळजवळ वीस ग्रॅम जागा रिकामी राहिली ना, ती कशाने तरी भरावीच लागते, बार बांधला जाईल आणि दाताखाली मऊ लागेल असं काहीतरी. ते जे 'काहीतरी' आहे तेच तुमची साखर आणि इन्सुलिन ठरवतं, गोडीचं ते ३५ मिलिग्रॅम फार कमी ठरवतं. तुमच्या दोन बारांत एवढा फरक आला तो याच्यामुळे.

पहिला बार बघा, ज्याने १४१ दाखवलं. घटकांत 'स्वीटनर (आयएनएस ९६५)' असं लिहिलंय. आयएनएस म्हणजे खाण्यात घालायच्या अशा पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय नंबर. ९६५ म्हणजे माल्टिटॉल. भारतात पाकिटावर पुष्कळदा नाव न देता नुसता नंबर देतात आणि तसं चालतं, त्यामुळे लोकांच्या नजरेतून सुटतं. माल्टिटॉल कंपन्यांना आवडतं कारण ते साखरेसारखंच वागतं, गोडीही ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत येते, चॉकलेटचं कोटिंग सुंदर बसतं, तोंडात थंडगार वगैरे काही लागत नाही. पण त्याचा रेणू कसा आहे, ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल एकमेकांना जोडलेले. लहान आतड्यात ते हळूहळू तुटतं आणि त्यातलं ग्लुकोज सरळ रक्तात जातं. ग्लुकोजला १०० धरलं तर माल्टिटॉलचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा आकडा, साधारण ३५ येतो, साखरेचा ६५ च्या आसपास. आणि तुम्ही इन्सुलिनचं विचारलंय म्हणून तेही सांगते, इन्सुलिनच्या प्रतिसादाचा असाच इंडेक्स काढला तर माल्टिटॉलचा साधारण २७ आणि साखरेचा ४३ येतो. म्हणजे साखरेपेक्षा कमी, हो, पण अर्ध्याहून जास्तच. शून्य तर अजिबात नाही. आणि सिरपच्या रूपात असेल, म्हणजे माल्टिटॉल सिरप, तर इंडेक्स अजून वर जातो, पन्नासच्या आसपास.

मग पाकिटावर नेट कार्ब ४ कसं आलं? तुमच्याच फोटोवरून हिशोब करू. एकूण कार्ब २४, फायबर ५, पॉलिऑल १५. कंपनीने २४ मधून ५ आणि १५ दोन्ही वजा केले आणि ४ लिहून टाकले. पॉलिऑल म्हणजे हीच माल्टिटॉल-सॉर्बिटॉलची मंडळी, आणि त्यांना सरसकट शून्य धरायचं हा सगळा घोळ आहे. 'नेट कार्ब' ही एफएसएसएआयच्या (आपल्याकडचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) लेबल नियमांत असलेली गोष्ट नाही आणि अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, एफडीएनेही तिची व्याख्या केलेली नाही, ज्याला जसं वजा करायचं तसं तो करतो. मी माल्टिटॉलचे अर्धे ग्रॅम मोजायला सांगते. २४ वजा ५ वजा साडेसात, म्हणजे साडेअकरा. चार नाही, साडेअकरा, जवळजवळ तिप्पट, आणि हे सगळं रिकाम्या पोटी पाच वाजता. सेन्सरवर चाळीसची चढण दिसली यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

तरी घाबरू नका हं, १४१ हा काही भयंकर आकडा नाही. पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी खाऊन सेन्सर बघितलात तर याच्यापेक्षा वर गेलेला दिसू शकतो. माझा आक्षेप एवढाच की तुम्ही पैसे मोजलेत ते साखर वाढू नये म्हणून, आणि रोज खाताय ते 'याचं काही धरायचंच नाही' असं समजून.

दुसऱ्या बारमध्ये ९६८ आहे, ते एरिथ्रिटॉल, आणि ९६० म्हणजे स्टीव्हिया. एकूण कार्ब २२, फायबर १०, एरिथ्रिटॉल ८, उरले ४. इथे कंपनीचा हिशोब बरोबर आहे, कारण एरिथ्रिटॉल आतड्यातून रक्तात शोषलं जातं पण शरीर ते वापरतच नाही, बहुतेक सगळं जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. ग्लायसेमिक इंडेक्स शून्य, इन्सुलिनचा २ च्या आसपास, कॅलरी ग्रॅमला ०.२. त्याचे आठही ग्रॅम वजा केलेले चालतात. म्हणून तिथे ११० वर थांबलं.

या दोघांच्या मधले बाकीचे पटकन सांगते. झायलिटॉल (९६७) चा इंडेक्स तेराच्या आसपास, सॉर्बिटॉल (४२०) आणि आयसोमाल्ट (९५३) नऊच्या आसपास, साखरेच्या दृष्टीने ठीक पण पोटाला त्रास जास्त, गॅस, गुडगुड, जुलाब. भारतात पाकिटावर पॉलिऑल जुलाबकारक असू शकतात अशी सूचना असते ती उगीच नसते. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा बार त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी आहे, थोड्याशानेही त्यांची साखर धोकादायक खाली जाते. ४२२ म्हणजे ग्लिसरीन, बार मऊ राहावा म्हणून घालतात, साखर फारशी वाढवत नाही पण कॅलरी साखरेइतक्याच आहेत, ग्रॅमला चारच्या वर.

फायबरच्या नावाखाली काय आहे ते मात्र थांबून बघा, कारण माल्टिटॉलनंतर दुसरी फसगत इथे होते. चिकोरीच्या मुळापासूनचं इन्युलिन, पॉलिडेक्स्ट्रोज (१२००), सोल्युबल कॉर्न फायबर, हे बहुतांशी खरोखर न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथे जिवाणू ते खातात, म्हणून गॅस होतो पण साखर फारशी हलत नाही. पण आयएमओ म्हणून एक आहे, आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड, कधी 'टॅपिओका फायबर' किंवा 'प्रीबायोटिक फायबर' असं लिहिलेलं असतं त्याच्या आड तेच असू शकतं. या ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत आणि त्यातला बराच भाग लहान आतड्यात पचतो, खाल्ल्यावर ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही वाढतात. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतले बरेच लो कार्ब बार याच्यावर चालायचे. एफडीएने २०१८ साली कोणकोणत्या वेगळ्या काढलेल्या पदार्थांना लेबलवर फायबर म्हणायचं याची यादी वाढवली, त्यात इन्युलिन आलं, पॉलिडेक्स्ट्रोज आलं, रेझिस्टंट माल्टोडेक्स्ट्रिन आलं, आयएमओ नाही आलं. म्हणून कोणी नातेवाईक परदेशातून बार आणून दिले किंवा ऑनलाइन मागवले तरी हे एक नाव शोधाच. आणि नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन आणि रेझिस्टंट माल्टोडेक्स्ट्रिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, नुसतं असेल तर ते साखरेपेक्षाही वेगाने चढतं, आणि ते 'शुगर' च्या रकान्यात दिसत नाही कारण कायद्याने ती साखर नाही.

जाता जाता, 'नो ॲडेड शुगर' म्हणून जे खजुराचे बार मिळतात ते वेगळंच प्रकरण आहे. सुक्या खजुरात वजनाच्या साठ-सत्तर टक्के साखरच असते. खजूर वाईट नाही, पण चाळीस ग्रॅमच्या बारमध्ये पंचवीस ग्रॅम खजूर असेल तर पंधरा ग्रॅमच्या वर साखर गेली पोटात. मधाचं आणि गुळाचंही तेच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, साखर वाढली नाही तरी इन्सुलिन वाढतं का. याचं प्रामाणिक उत्तर थोडं लांब आहे.

जिभेला गोड लागल्यावर शरीर थोडं इन्सुलिन आधीच सोडतं ही गोष्ट खरी आहे, पण ती माणसांत फार लहान असते, थोड्या मिनिटांची, आणि सगळ्यांत दिसतही नाही. सुक्रालोज नुसतं पाण्यातून पोटात सोडलं तर इन्सुलिन वाढत नाही असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे काळ्या चहात एक गोळी टाकली म्हणून इन्सुलिनचा पूर येतो हे काही खरं नाही. पण सुक्रालोज कार्बसोबत गेलं की चित्र थोडं बदलतं. २०१३ साली अमेरिकेत सेंट लुईसला एक अभ्यास झाला, १७ स्थूल माणसं, जी आधी स्वीटनर खात नव्हती, त्यांना ग्लुकोज प्यायच्या आधी ४८ मिलिग्रॅम सुक्रालोज दिलं तर नुसतं पाणी दिल्यापेक्षा इन्सुलिन सरासरी २० टक्के जास्त सुटलं. पुढे २०२० साली येल विद्यापीठातल्या लोकांनी निरोगी माणसांना दोन आठवड्यांत सात वेळा पेय दिलं, एका गटाला फक्त सुक्रालोज, एकाला फक्त साखर, एकाला सुक्रालोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकत्र, तर इन्सुलिनची संवेदनशीलता एकत्र घेतलेल्या गटातच घसरली, नुसत्या सुक्रालोजने नाही. २०२२ साली इस्रायलमध्ये १२० लोकांवर बघितलं, तिथे सॅकरिन आणि सुक्रालोजने काही लोकांची ग्लुकोज हाताळायची क्षमता बिघडली, आतड्यातले जिवाणू बदलले, ॲस्पारटेम आणि स्टीव्हियाने ग्लुकोजवर तसा परिणाम दिसला नाही, आणि माणसामाणसांत फरक खूप होता. हे सगळे छोटे आणि थोड्या दिवसांचे अभ्यास आहेत. उलट बाजूला परिणाम काहीच नाही असं दाखवणारेही बरेच आहेत. मी यातून काय घेते, तर बार हा कधीच नुसता स्वीटनर नसतो, त्यात कार्ब असतातच, त्यामुळे सुक्रालोजचा बार आठवड्यातून एक-दोनदा खाल्ला तर मी काळजी करत नाही, पण रोज दोन खाणाऱ्याला मी थांबवते. प्रीडायबेटिस असलेल्याला तर नक्कीच.

आणि एक गोष्ट जी या चर्चेत कोणी बोलतच नाही, ती म्हणजे प्रोटीन. तुमच्या दोन्ही बारांत १५ ग्रॅमच्या वर व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातून काढलेलं प्रोटीन, आहे. व्हे स्वतःच इन्सुलिन वाढवतं, चांगलं वाढवतं, साखर न वाढवता. म्हणजे तुमचा तो 'चांगला' बार, जिथे सेन्सर ११० वर थांबला, तिथे इन्सुलिन वाढलंच असणार, पण ते स्टीव्हियाने नाही, प्रोटीनने. सिडनी विद्यापीठात १९९७ साली वेगवेगळ्या पदार्थांचा इन्सुलिन इंडेक्स काढला होता त्यात मासे, बीफ, दही यांनी रक्तातली साखर जेवढी वाढवली त्या मानाने इन्सुलिन जास्त वाढवलेलं दिसलं. मग हे वाईट का? नाही. प्रोटीन खाल्ल्यावर सुटणारं इन्सुलिन अमिनो ॲसिड स्नायूंत न्यायला लागतं, सोबत ग्लुकागॉन हे इन्सुलिनच्या उलट काम करणारं हार्मोनही वाढतं, ते साखर खाली पडू देत नाही. टाइप २ च्या रुग्णांना नाश्त्याआधी व्हे देऊन बघितलंय तर नाश्त्यानंतरची साखर उलट कमी राहिली. म्हणून इन्सुलिनचा प्रत्येक चढ वाईट असं धरून चाललात तर अंडं, पनीर, मासे सगळंच बंद करावं लागेल, आणि तसं केलेली माणसं माझ्याकडे येतात, गळून गेलेली, स्नायू उतरलेले, आणि साखर तिथल्या तिथेच.

इथपर्यंतचं थोडक्यात: सेन्सर ग्लुकोज मोजतो, इन्सुलिन नाही. माल्टिटॉल आणि आयएमओ साखर आणि इन्सुलिन दोन्ही वाढवतात. एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया स्वतः जवळजवळ काही वाढवत नाहीत. सुक्रालोज कार्बसोबत थोडा फरक करू शकतं. आणि व्हे इन्सुलिन वाढवतं पण ते घाबरण्यासारखं नाही.

आता तुमचा १८ चा आकडा. १८ गुणिले १०८ भागिले ४०५ केलं की होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती दाद देतं याचा अंदाज देणारा आकडा) ४.८ येतो, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, नक्की आहे. पण हे इन्सुलिन उपाशीपोटीचं आहे दादा, रात्रभर काही न खाता सकाळी मोजलेलं. ते बारमुळे वाढलेलं नाही. ते वाढलंय कारण लिव्हर आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकत नाहीयेत, आणि त्याला कारण बहुतेक वेळा पोटातली आणि लिव्हरमधली चरबी, बैठं काम, अपुरी झोप आणि तुमच्या बाबतीत वडिलांकडून आलेलं. तुम्ही लिहिलंय वजन काही फार नाही, बीएमआय २४ आहे. आपल्याकडे २३ च्या वरच जादा धरतात, आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं यावरचं काम तर प्रसिद्धच आहे. त्यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आतून चरबी बाळगतो. म्हणून काट्यापेक्षा टेपने कंबर मोजा, पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर तिकडे लक्ष द्या. बार बदलून १८ चे ८ होणार नाहीत हे मला तुम्हाला अगदी स्पष्ट सांगायचंय, कारण महिन्याला बारवर जाणारे पैसे आणि डोक्याला होणारा ताप दोन्ही चुकीच्या जागी जातंय असं मला वाटतं.

सुरक्षिततेबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला साखरेऐवजी असे स्वीटनर वापरू नयेत, दीर्घकाळात फायदा दिसत नाही. लोक ही बातमी अर्धीच वाचतात. ती शिफारस ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांच्यासाठी नव्हती आणि एरिथ्रिटॉल-माल्टिटॉलसारखे पॉलिऑल तिच्यात धरलेले नव्हते. एरिथ्रिटॉलची वेगळी बातमी त्याच वर्षी आली, क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांना पुढे हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक जास्त आले. पण आपलं शरीर स्वतःही ग्लुकोजपासून थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्यांत ते जास्त बनतं, त्यामुळे खाण्यामुळे झालं की आजाराचीच खूण होती हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. मात्र त्याच अभ्यासात आठ निरोगी लोकांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉलचं पेय दिलं तर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त वेळ चढलेली राहिली, आणि त्या पातळीला प्लेटलेट्स गुठळी करायला जास्त तयार दिसतात. म्हणून मी काय करते, ज्यांची अँजिओप्लास्टी झालीये किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना रोजचं एरिथ्रिटॉल देत नाही. तुमच्यासारख्याला आठवड्यात एखादा बार, ज्यात आठ ग्रॅम आहे, त्याला माझी हरकत नाही. साखरेला पर्याय म्हणून चमच्याने ओतून रोज खीर-शिरा करणं वेगळं, तिथे ३०-४० ग्रॅम सहज जातं.

हे उत्तर आणखी कोणी वाचत असेल आणि औषधं चालू असतील तर दोन गोष्टी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल आणि साखर खाली गेली, थरथर, घाम, तर त्या वेळी हा बार उपयोगाचा नाही, तो साखर वर आणायला बनलेलाच नाहीये, तेव्हा सरळ तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. दुसरं, डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना कडक कीटो (कार्ब जवळजवळ बंद) करून बारवर दिवस काढू नका, साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन धोकादायक वाढू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आता घरी कसं मोजायचं. सेन्सर अजून चालू असेल तर उत्तम, नाहीतर ग्लुकोमीटर. दुपारच्या जेवणानंतर किमान चार तास गेलेले, सोबत दूध घातलेला चहा नको, फक्त बार. आधी एक रीडिंग, मग ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना. माल्टिटॉल हळू पचतं म्हणून ९० चं रीडिंग सोडू नका, बरेच लोक तासाला बघून 'काही वाढलं नाही' म्हणतात. त्या दोन तासांत जिने चढणं, फिरायला जाणं नको, नाहीतर चालण्याने खाली आलेली साखर तुम्ही बारच्या नावावर जमा कराल. दुसरा बार दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. प्रत्येकी दोनदा करा, आणि दहा-बाराचा फरक फरक म्हणून धरू नका, १०० च्या वर ग्लुकोमीटरला नियमानेच १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. साखरेची चढण वीसच्या आत राहिली तर बार तुमच्यासाठी ठीक, तीसच्या वर वारंवार जात असेल तर तो सोडा, हा माझा सोयीचा नियम आहे, पुस्तकातला नाही. इन्सुलिन घरी मोजता येत नाही आणि त्यासाठी लॅबमध्ये जाऊन 'बार खाऊन इन्सुलिन' अशी टेस्ट करायची काही गरज नाही, आकडा येईल पण त्याचं करायचं काय हे कोणी सांगू शकणार नाही.

राहिला पाच वाजताचा बार. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीचा गाभाच हा आहे की दोन जेवणांच्या मध्ये इन्सुलिन हलू द्यायचं नाही, तर मग मध्ये व्हे असलेला बार कोणताही असो, तो त्या पद्धतीत बसत नाही. स्वीटनर बदलून तो बसवता येणार नाही. मी त्या पद्धतीच्या बाजूची किंवा विरुद्ध नाही, काहींना छान जमते, काहींना नाही, पण अर्धी पाळली तर तुम्हाला कळणारच नाही की उपयोग कशाचा झाला. बार खायचाच असेल तर जेवणाच्या शेवटी, त्या पद्धतीत जेवणाला दिलेल्या पंचावन्न मिनिटांत खा. आणि मध्येच लागत असेल तर मान्य करा की आपण तीन वेळा खातोय आणि तसं नीट खा, त्यात कमीपणा काही नाही.

पण मला वाटतं खरी अडचण तुमच्या डब्यात आहे. तुम्ही लिहिलंय तीन पोळ्या, एक भाजी, थोडा भात. यात प्रोटीन जेमतेम, भाजी बटाट्याची किंवा भेंडीची, वरण कधी असतं कधी नसतं. असं जेवून पाचला भूक लागणारच, तुमच्या जागी कोणालाही लागेल. एक पोळी कमी करा, मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ मोठी वाटीभर, सोबत दही, आणि चालत असेल तर दोन उकडलेली अंडी किंवा पनीर शंभर ग्रॅम. कोशिंबीर आधी खा, भात शेवटी, भूक असेल तरच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं ऑफिसच्या आवारात चाला, स्नायू ग्लुकोज ओढून घेतात आणि त्याला इन्सुलिन कमी लागतं, हा एक उपाय मी पाहिलेल्या सगळ्या बारांपेक्षा जास्त उपयोगाचा ठरलाय. एवढं करून पंधरा दिवस बघा पाचची भूक राहते का. राहिलीच तर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि ताक, तीस ग्रॅम शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम प्रोटीन आहे आणि फायबर सोडून कार्ब तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या बारपेक्षा कमीच, आणि घटकांची यादी वाचत बसायला नको. फुटाणे पण चालतील, कार्ब जास्त आहेत पण हळू पचतात, तेही वाटलं तर याच पद्धतीने मोजून बघा.

प्रवासात, मीटिंगमध्ये अडकल्यावर बार बॅगेत असू दे, तो दुसरा, एरिथ्रिटॉलवाला. पहिला मी बंदच करेन. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा आणि फास्टिंग इन्सुलिन करणार असाल तर त्याच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की इन्सुलिनचे आकडे बदलतात आणि उगीच आनंद नाहीतर उगीच टेन्शन येतं. रिपोर्टसोबत कंबरेचं मापही लिहून ठेवा. नवा कुठला बार घ्यायचा झाला तर त्याची मागची बाजू मला पाठवा, मी हिशोब करून सांगते.